मूल उशिरा बोलत असेल तर: कानाच्या तपासणीपासून घरच्या सरावापर्यंत

स्पीच थेरपी सुरू करून चार-सहा महिने झाले तरी फरक पडत नाही, अशी तक्रार पुष्कळ पालक करतात. नीट चौकशी केली, तर बहुतेकदा तीनपैकी एक गोष्ट निघते: कान तपासलेलेच नसतात, मुलाला कितपत समजते हे कोणी पाहिलेले नसते, किंवा आठवड्यातला पाऊण तास तज्ज्ञाकडे घालवून उरलेला आठवडा घरी सगळे पूर्वीसारखेच चालू असते. हा लेख दीड ते चार वर्षे वयाच्या, बोलण्यात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. आधी ऐकणे, मग समजणे आणि त्यानंतर बोलणे हा क्रम मोडला, की मेहनत होते आणि मूल मात्र आहे तिथेच राहते.

टप्पा १: वाट पाहायची की दाखवायचे, हे ठरवा

"मुलगे उशिराच बोलतात" आणि "याचे बाबाही तीन वर्षांपर्यंत गप्पच होते" ही दोन वाक्ये घरोघरी ऐकू येतात. उशिरा बोलणारी काही मुले, विशेषतः ज्यांची समज आणि हावभाव चांगले असतात ती, पुढे आपणहून बरोबरीला येतात हे खरे आहे. परंतु आपले मूल त्यांच्यापैकी आहे की नाही हे घरबसल्या सांगता येत नाही. पुढीलपैकी एक जरी गोष्ट लागू होत असेल, तर तपासणी करून घ्यावी:

- १२ महिन्यांपर्यंत "बाबाबा", "दादादा" अशी बडबड नाही, किंवा टाटा करणे, बोटाने दाखवणे, घेण्यासाठी हात पुढे करणे असे हावभाव नाहीत.
- १६ महिन्यांपर्यंत अर्थ धरून वापरलेला एकही शब्द नाही.
- दीड वर्षाच्या सुमारास, हातवारे न करता सांगितलेली साधी गोष्ट कळत नाही.
- दोन वर्षे पूर्ण होऊनही "बाबा गेला", "दूध दे" अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी नाही.
- हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळून पाहत नाही, किंवा आवडलेली वस्तू आपल्याला दाखवायला आणत नाही.
- येत असलेले शब्द बंद झाले आहेत. हे कोणत्याही वयात घडले, तरी बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे.

तपासणी म्हणजे थेरपी सुरू झालीच असे नव्हे. पुष्कळदा तज्ज्ञ घरी करण्याच्या चार गोष्टी सांगून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, आणि तेवढ्याने भागते.

सावधान: जिभेखालची दोरी आखूड असेल, तर लहानपणी अंगावर पिण्याला किंवा पुढे काही उच्चारांना अडचण येऊ शकते, शब्दच न येण्याचे ते कारण नव्हे. "जीभ जड आहे" एवढ्यावरून दोरी कापून घेऊ नये. जिभेवर वेखंड चोळणे, मध चाटवणे या उपायांनी बोलणे येत नाही, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे.

टप्पा २: कान तपासून घ्या, मग पुढचे सगळे

"त्याला ऐकू येते, ताट पडले की दचकतो" हा या संपूर्ण प्रक्रियेतला सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. ताटाचा, दाराचा किंवा कुकरच्या शिट्टीचा आवाज मोठा असतो आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही तो पोहोचतो. बोलण्यातले स, श, फ, ख यांसारखे हलके आणि उंच स्वराचे आवाज मात्र त्याच मुलाला ऐकू येत नसतील, तर त्याच्यासाठी आपले बोलणे अर्धवट पुसलेले असते. अशी मुले चेहरा, हातवारे आणि रोजचा दिनक्रम यांवरून इतके छान निभावून नेतात, की घरच्यांना शंका येत नाही.

तपासण्या साधारण अशा असतात. ओएई ही काही मिनिटांची तपासणी आतल्या कानाचा प्रतिसाद पाहते. बेरा या तपासणीत मूल झोपलेले असताना ध्वनीचा संदेश कानाच्या नसेतून मेंदूच्या खालच्या भागापर्यंत कसा पोहोचतो हे मोजतात. टिंपॅनोमेट्रीने पडद्यामागे द्राव साठला आहे का हे कळते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांमध्ये असा द्राव आठवडेच्या आठवडे राहतो, कान दुखत नाही, वाहत नाही, आणि ऐकणे मात्र कमी-जास्त होत राहते. मूल बसून सहकार्य करू शकत असेल, तर आवाजाला दिलेल्या प्रतिसादावरूनही श्रवणचाचणी होते. कोणती तपासणी आधी करायची, हे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, वयानुसार ठरवतात.

बेरासाठी जाताना मुलाला सकाळी लवकर उठवावे, प्रवासात झोपू देऊ नये, डोक्याला तेल लावू नये आणि त्याचे नेहमीचे पांघरूण सोबत घ्यावे. झोपेचे औषध द्यायचे असेल, तर खाण्यापिण्याबाबत केंद्राने दिलेल्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. मूल जागे राहिले, की तारीख वाया जाते आणि सरकारी रुग्णालयात पुढची तारीख लगेच मिळतेच असे नाही.

तपासा: जन्माच्या वेळची श्रवणचाचणी "पास" असली, तरी ती आज पुरेशी नाही, कारण काही श्रवणदोष नंतर सुरू होतात. बाळ अतिदक्षता विभागात राहिले असेल, कावीळ रक्तबदलापर्यंत गेली असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा घरात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर ते तपासणीपूर्वीच सांगावे. दोष निघालाच, तर श्रवणयंत्र किंवा अन्य उपचार आणि थेरपी एकमेकांना जोडून चालतात. एकाच्या प्रतीक्षेत दुसरे थांबवू नये.

टप्पा ३: पहिल्या भेटीपूर्वीची नोंद

तज्ज्ञासमोर मूल अनेकदा गप्प बसते किंवा रडते. अशा वेळी निदान पालकांच्या सांगण्यावर अवलंबून राहते, आणि "तसे त्याला सगळे कळते" या वाक्यातून तज्ज्ञाला काहीच कळत नाही. म्हणून आठवडाभर तीन गोष्टी वहीत लिहाव्यात.

पहिली, शब्दांची यादी. मूल आपणहून, दर वेळी त्याच अर्थाने वापरते तो शब्द मोजावा, उच्चार कसाही असो. पाण्याला नेहमी "पापा" म्हणत असेल, तर तो शब्द झाला. "भू भू", "माऊ", "भूर" हेही शब्दच. आपण म्हटलेले लगेच परत म्हटले, तर तो मोजू नये. मोबाइलवरून पाठ झालेले ए-बी-सी-डी, एक ते दहा आणि रंगांची नावे वेगळ्या पानावर लिहावीत. पन्नास आकडे म्हणणारे मूल पाणी मागू शकत नसेल, तर ती माहिती तज्ज्ञासाठी फार मोलाची असते, आणि पालक नेमकी तीच "बोलतो की" या सदरात टाकतात. घरात दोन भाषा असतील, तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजावेत.

दुसरी, समज. ही पाहताना आपले डोळे आणि हात आपल्याला फसवतात. चप्पल समोर असताना, तिच्याकडे पाहत, बाहेर जायच्या वेळी "चप्पल आण" म्हटले आणि मुलाने आणली, तर त्याला प्रसंग कळला. शब्द कळला असे म्हणता येत नाही. हीच गोष्ट दुपारी, हात मागे बांधून, मुलाच्याच चेहऱ्याकडे पाहत सांगावी आणि समोर चप्पल, चेंडू आणि वाटी ठेवावी. मग "बाबांची चप्पल आण", "चेंडू वाटीत टाक" असे एकेक पाऊल पुढे जावे. कुठे अडते ते तसेच लिहावे. मदत करून यश मिळवून देऊ नये.

तिसरी, व्हिडिओ. खेळताना, जेवताना आणि काही हवे असताना, असे दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ पुरतात. मुलाला "म्हण ना, म्हण ना" करत घेतलेला व्हिडिओ निरुपयोगी असतो.

टप्पा ४: योग्य तज्ज्ञ आणि पहिली भेट

वाचा आणि भाषेवर उपचार करणाऱ्या व्यक्तीकडे बीएएसएलपी (वाक्-श्रवण विषयातली पदवी) किंवा त्यापुढील पदवी असावी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी. नोंदणीचा सीआरआर क्रमांक (परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक) विचारण्यात संकोच करू नये. थोड्या दिवसांच्या प्रमाणपत्रावर "स्पीच क्लास" चालवणाऱ्यांची संख्या वाढत आहे, म्हणून हे आवर्जून लिहिले.

खाजगी खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लोक ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, पाठवले जाते. ही सेवा मोफत आहे. पथकाची वाट पाहत बसण्यापेक्षा अंगणवाडीताईंशी किंवा जिल्हा रुग्णालयात थेट बोलावे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाक्-श्रवण विभाग ही जुनी सार्वजनिक केंद्रे आहेत.

पहिल्या भेटीत पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नये: अडचण समजण्यात आहे, बोलण्यात आहे की उच्चारांत? आणखी कोणत्या तपासण्या हव्यात? पहिल्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट नेमके काय? "बोलणे सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. "हवी असलेली वस्तू दिवसातून दहा-बारा वेळा शब्दाने किंवा खुणेने मागणे" हे उद्दिष्ट झाले.

सावधान: पालकांना बाहेर बसवून बंद दाराआड चालणाऱ्या थेरपीबद्दल शंका जरूर घ्यावी. एवढ्या लहान वयात तज्ज्ञाचे अर्धे काम पालकांना शिकवण्याचे असते. त्याचप्रमाणे शिट्टी वाजवणे, मेणबत्ती फुंकणे, जिभेचे व्यायाम यांवरच सत्र संपत असेल, तर त्यामागचे कारण विचारावे. फुंकण्याने भाषा येते असे मानायला आधार नाही.

टप्पा ५: सराव सुरू करण्याआधी घरातली जागा मोकळी करा

दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊ नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत ती दिवसाला एक तासाच्या आत, मोठ्यांच्या सोबतीने असावी, असा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे. मोबाइल बंद केल्याने मूल आपोआप बोलू लागत नाही. पण त्यामुळे बोलण्यासाठी वेळ रिकामा होतो, आणि तो आपण भरला नाही तर उपयोग शून्य. जेवणापासून सुरुवात करावी. पहिले चार-पाच दिवस रडारड होते, मूल कमी जेवते. त्या दिवसांत आजी-आजोबांसह सगळ्यांनी एकमत ठेवावे. मागे नुसता चालू असलेला टीव्हीही बंद करावा, कारण त्या गोंगाटातून आपले शब्द वेगळे काढणे लहान मुलाला अवघड जाते.

भाषेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "मूल गोंधळते, एकच भाषा बोला, तीही शाळेची" हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि पुण्यातल्या काय किंवा परदेशातल्या काय, मराठी घरांत तो निमूटपणे पाळलाही जातो. दोन भाषांमुळे भाषाविकास खुंटत नाही. आई-वडील ज्या भाषेत सहज हसतात, रागावतात, लाड करतात, त्याच भाषेत मुलाशी बोलावे. ती मराठी असो, मालवणी असो की अहिराणी. मोडक्या इंग्रजीतल्या "कम, सिट, ईट" या आज्ञांपेक्षा आजीची अखंड बोली हजारपट बरी.

टप्पा ६: रोजचा घरचा सराव

वेगळा "अभ्यासाचा तास" नको. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, बाहेर जाणे यांपैकी दोन प्रसंग निवडावेत आणि प्रत्येकात पंधरा मिनिटे पुढील क्रम पाळावा.

१. शब्द निवडा. आठ-दहा पुरेत. फळे, प्राणी आणि रंग यांचे तक्ते ही इथली नेहमीची चूक आहे. नुसत्या नामांतून वाक्य तयार होत नाही. मराठीत क्रियापदांची आज्ञार्थी रूपे सुदैवाने छोटी असतात: दे, घे, ये, बस, ओत, टाक, उघड. त्यांच्या जोडीला अजून, नको, संपलं, वर, खाली हे शब्द घ्यावेत, कारण ते दिवसभरात शंभर ठिकाणी चालतात.

२. मुलाच्या उंचीवर या आणि ते जे पाहते ते पाहा. मूल बादलीतल्या बुडबुड्यांकडे पाहत असताना आपण हातातले बदक नाचवत "बदक, बदक" म्हणत राहिलो, तर तो शब्द हवेत जातो.

३. थांबा. मनात पाच ते दहा अंक मोजावेत, अपेक्षेने पाहावे आणि गप्प राहावे. बोलक्या घरांत हे सर्वांत कठीण जाते. मुलाने तोंड उघडण्याआधीच कोणीतरी त्याची गरज ओळखून ती पुरवलेली असते.

४. मुलाने नजर, हात किंवा आवाज, काहीही केले, तरी त्याला शब्द द्या. आंघोळीच्या वेळी मूल मगाकडे हात करते, आपण थांबतो, ते "आ" म्हणते, आपण "ओत" म्हणत पाणी ओततो, पुन्हा थांबतो, पुन्हा "ओत". तिसऱ्या-चौथ्या वेळी मग वर धरून ठेवावा आणि फक्त पाहावे. शब्द आला तर उत्तम, "ओ" आला तरी उत्तम, नुसती नजर आली तरी पाणी ओतायचेच.

५. आलेल्या शब्दात एकाची भर घाला. मूल "गाडी" म्हणाले, तर "गाडी गेली" म्हणावे. "बाबा" म्हणाले, तर "बाबा आला". "लाल रंगाची मोठी गाडी बघ कशी भुर्रकन गेली" एवढे लांब नको, आणि व्याकरण तोडून "गाडी जाणे" असेही नको. आला, आली, आलं हे फरक मुले नीट बोललेली मराठी ऐकूनच उचलतात.

मागणी निर्माण करण्यासाठी छोट्या युक्त्या करता येतात. चुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात घालून डबा मुलाच्या हाती द्यावा आणि ते आपल्याकडे आणीपर्यंत थांबावे. मग "उघड" म्हणत उघडून चारच दाणे द्यावेत, म्हणजे "अजून" ची वेळ येते. पोळ्या करताना कणकेचा छोटा गोळा द्यावा: दाब, लाट, गोल.

सावधान: "म्हण, तरच देईन" हा या सरावाचा विपर्यास आहे. भुकेल्या किंवा रडणाऱ्या मुलाकडून शब्द वसूल करू नये. खुणेने मागितले तर द्यावे. खुणांमुळे बोलणे मागे पडत नाही, उलट त्या बोलण्याकडे नेतात. तसेच पाहुण्यांसमोर "काकांना म्हणून दाखव" ही परीक्षाही बंद करावी.

तपासा: पाच मिनिटांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण करून ऐकावे. "हे काय?", "कोण आलं?", "रंग कोणता?" असे प्रश्नच प्रश्न ऐकू आले, तर सराव चुकतो आहे. एका प्रश्नामागे किमान तीन-चार सांगणारी वाक्ये असावीत.

उच्चार या टप्प्यावर सुधारू नयेत. तीन वर्षांचे मूल "रिक्षा"ला "लिक्सा" म्हणते, तेव्हा आपण सहजपणे "हो, रिक्षा आली" म्हणावे आणि पुढे जावे. र आणि ळ हे आवाज पुष्कळ मुलांना उशिरा येतात.

टप्पा ७: सत्रे, आढावा आणि दिशा बदलणे

दर सत्राअखेर तज्ज्ञाला एकच विचारावे: या आठवड्यात कोणते शब्द, कोणत्या प्रसंगात? वहीत रोज दोन ओळी पुरतात: आज आपणहून काय आले, आणि कोणत्या वेळी. सत्र चुकले तर सराव चुकवू नये. सराव होत नसेल, तर सत्रांची संख्या दुप्पट करून काही साधत नाही.

साधारण तीन महिन्यांनी वही घेऊन आढावा बसवावा. प्रगतीची पहिली खूण शब्दांची संख्या असेलच असे नाही: मूल जास्त वेळा पाहते, बोट दाखवते, सूचना हातवाऱ्यांविना कळतात, आवाजांची विविधता वाढते, हे सगळे शब्दांच्या आधी दिसते. यातले काहीच नसेल, तर केंद्र बदलण्याआधी क्रमाने पाहावे: मधल्या काळात सर्दीने कान पुन्हा भरले आहेत का, उद्दिष्ट मुलाच्या समजेपेक्षा वरचे आहे का, घरचा सराव खरोखर होतो आहे का. नजर न देणे, हाकेला न वळणे, एकाच खेळात तासन्‌तास रमणे हे सोबत असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी करावी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही प्रश्नावली वापरतात. तिच्यातून निदान होत नाही, पुढे तपासायचे की नाही एवढेच कळते.

"बालवाडीत घातले की बोलेल" या भरवशावर थेरपी सोडू नये. तीस मुलांच्या वर्गात न बोलणारे मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणून ते कोपऱ्यात सहज विसरले जाते. घालायचेच असेल, तर बाईंना मूल वापरत असलेल्या शब्दांची आणि खुणांची यादी द्यावी आणि त्याला पुढे बसवण्याची विनंती करावी.

थेरपी थांबवण्याचा निर्णय तज्ज्ञाच्या पुनर्तपासणीनंतर घ्यावा. मूल वाक्यात बोलू लागले, की बहुतेक पालक आपणच जाणे बंद करतात. उशिरा बोललेल्या काही मुलांना पुढे वाचन-लेखनात अडचण येते. म्हणून शेवटचा अहवाल जपून ठेवावा आणि पहिलीत प्रवेश घेताना त्याची प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी.